विसावं घर

डोरीन प्रुडेन बावीस वर्षं लोकांची दारं ठोठावत होती. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या नॉर्थ एंड या गरीब वस्तीत तिला बहुतेक जण आंटीच म्हणत. समाजधोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रासाठी ती घरोघर जाऊन माहिती गोळा करायची. खोल्या किती, माणसं किती, भाडं भागवल्यावर जेवणाला काय उरतं, असे छत्तीस प्रश्न. तक्ते, आलेख आणि परिषदा हे वरच्या मजल्यावरच्यांचं काम होतं. डोरीनचं काम दार उघडेपर्यंत उभं राहायचं.

नियम तीन खेपांचा होता. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. तरी कोणी भेटलं नाही तर 'सापडले नाही' या चौकटीत खूण करायची आणि पुढच्या दाराला लागायचं. दोन वर्षांपूर्वी सहा गल्ल्यांतल्या एकशे ब्याऐंशी घरांची माहिती तिने घेतली होती. या नोव्हेंबरात तीच घरं पुन्हा गाठताना एकतीस ठिकाणी तिने ती खूण केली. त्यांतल्या दोन कुटुंबांच्या गाद्या तिने फुटपाथवर, बर्फात पडलेल्या पाहिल्या होत्या. पण 'घराबाहेर काढले' अशी चौकट फॉर्मवर नव्हती.

डिसेंबरात अहवाल आला. सहा गल्ल्यांत भाड्याचा ताण घटला आहे, एका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबं कमी झाली आहेत. याच गल्ल्यांतल्या लोकांना भाड्यासाठी हातभार लावणारा एक खासगी निधी होता. अहवाल वाचून विश्वस्तांनी विषय काढला की गरज ओसरली असेल तर मार्चअखेर मदत थांबवावी. त्यासाठी एकतीस जानेवारीला बैठक ठरली.

डोरीन जिना चढून केंद्रप्रमुख डॉ. एलन ह्रिचाक बाईंच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, ताण घटलेला नाही. ज्यांना परवडत नव्हतं ते गेलेत. उरलेल्यांची सरासरी काढलीत तुम्ही."

"गेले कुठे?"

"ते कुणी विचारलंच नाही."

"डोरीन, प्रत्येक फॉर्मवर 'सापडले नाही' तुझ्याच अक्षरात आहे."

ते खरंच होतं. ह्रिचाकबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. चूक त्यांच्याही लक्षात आली होती, पण चूक कबूल करायला आकडा लागतो.

"बैठकीआधी पुरवणी तक्ता देता येईल," त्या म्हणाल्या. "शोध त्यांना. पण वीस तरी कुटुंबं हवीत. वीसच्या खालचं आपण काही छापत नाही."

हा नियम डोरीनला पाठ होता. घरं थोडी असली की तक्ता वाचून गल्लीतला कोणीही म्हणेल, ही तर अमक्याची बायको. म्हणून वीसच्या खाली आकड्याऐवजी चांदणी छापायची आणि खाली तळटीप द्यायची, 'पुरेशी माहिती नाही'. हाच नियम सांगून तिने आजवर शेकडो लोकांचा विश्वास मिळवला होता.

हातात एकोणीस दिवस होते. पारा उणे तीसच्या आसपास घुटमळत होता.

कोण अभ्यासात आहे हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हीसुद्धा अट होती. त्यामुळे ती नाव घेऊन विचारायची, पण कशासाठी हे सांगायची नाही. लोकांनी आपापला अर्थ काढला.

"वसुलीच्या धंद्यात शिरलीस वाटतं, आंटी?" कपडे धुण्याच्या दुकानातला माणूस म्हणाला. "आमची बिलं पण घेऊन जा जाताना."

मोफत सूप मिळायचं तिथल्या रांगेतून दोन बाया तिला बघताच निघून गेल्या. बालकल्याणवाल्यांनी डोरीनला हाताशी धरलंय, अशी बातमी पसरली होती. त्या वस्तीत यापेक्षा वाईट बातमी नाही. त्यांची गाडी दारात थांबली की घरातून मूल जातं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

तरी एकेक जण सापडत गेला. कोणी महामार्गावरच्या मोटेलात होतं, कोणी मावसबहिणीच्या सोफ्यावर. म्हातारे बॉडनार चर्चच्या तळघरात भेटले. ते म्हणाले, "खोल्या किती हा प्रश्न सोडून दे, पोरी. उगाच शाई फुकट जायची." डोरीनने शून्य लिहिलं.

एकोणतीस तारखेला एकोणीस फॉर्म झाले. आकडेवारी बघणारा फर्डी मॅग्सिनो तिची वाट बघत बसला होता.

"आंटी, एकच राहिलं. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत आणा, मी तक्ता काढतो. चक्क उलटा निकाल येतोय. ताण घटला नाही, वाढलाय."

तीस तारखेला दुपारी डोरीनला यादीतली शार्लीन फ्लेट सापडली. बेव्ह नावाच्या तिच्या चुलतबहिणीच्या घरी, तळघरात. जिन्याखाली घर तापवायची भट्टी होती आणि भट्टीला लागून दोन गाद्या. खिडकी नव्हती. तिन्ही मुलं एका गादीवर बसून बॅनक, म्हणजे तव्यावरची जाड भाकरी, गरमगरम खात होती.

"कसं शोधलंस?" शार्लीनने विचारलं.

"तुझा कोट ओळखला. बसस्टॉपवर."

"जाळायला हवा होता." ती हसली, मग हसू आवरलं. "फॉर्म आणलायस?"

डोरीनने सगळं सांगितलं. निधी, बैठक, वीसचा नियम. बेव्ह जिन्यावर उभी राहून ऐकत होती. या घराचं अर्धं भाडं त्याच निधीतून जात होतं.

"म्हणजे मी विसावी," शार्लीन म्हणाली.

"हो."

"ती सही करतो ना आम्ही, तो कागद वाच."

"तुला माहितीये त्यात काय आहे."

"तूच वाचून दाखवला होतास. परत वाच."

डोरीनने पिशवीतून कागद काढला. पाचवं कलम. आपण दिलेली माहिती गुप्त राहील; मात्र मुलांच्या जिवाला धोका दिसून आल्यास तो कळवणे मुलाखत घेणाऱ्यावर बंधनकारक आहे.

तिने भट्टीकडे पाहिलं. धुराच्या नळीच्या सांध्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"मी फॉर्म भरला तर तू काय लिहिशील? खिडक्या किती?" शार्लीनने विचारलं.

"खिडक्यांचा प्रश्न आहे. बाविसावा."

"आणि नाही भरला?"

"तर मी तुला भेटलेच नाही."

"अगं, पण घर गेलं तर आपण सगळेच रस्त्यावर," बेव्ह वरून म्हणाली. "तिला लिहू दे ना. एक मेला कागद."

"तुझी पोरं मोठी झालीत, बेव्ह. तू बोलू नकोस." मग डोरीनकडे वळून शार्लीन खालच्या आवाजात म्हणाली, "आंटी, मी तुला सापडले नाही."

डोरीन घरी गेली. आपल्या स्वयंपाकघरातला, भट्टीचा विषारी वायू गळला की वाजणारा अलार्म खुंटीवरून काढला, नवी बॅटरी घातली आणि परत येऊन त्या जिन्याखाली टांगला. तो वाजला की काय करायचं, कुठल्या दाराने पळायचं, हे तिन्ही मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. कळवायला हवं होतं, हे तिला समजत होतं. कळवलं तर रात्रीच्या आत मुलं तीन वेगवेगळ्या घरांत जातील, हेही समजत होतं. दोन्हींतलं योग्य कुठलं, ते ठरवता येईना. बसथांब्यावर तिने दोन बस जाऊ दिल्या.

पाचला दहा कमी असताना तिने फर्डीसमोर कोरा फॉर्म ठेवला.

"नाही?"

"सापडली नाही."

"आंटी, संगणक कारण मागतो."

"दार उघडलं नाही, असं लिही."

बावीस वर्षांतली ती तिची पहिली खोटी नोंद. फर्डीची बोटं थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तेच टंकलं.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांच्या बैठकीत पुरवणी तक्ता वाटला गेला. डोरीन आणि फर्डी मागच्या खुर्च्यांवर बसले होते. ह्रिचाकबाईंनी सांगितलं की बेपत्ता कुटुंबांची स्थिती फार वाईट असावी, असं मानायला जागा आहे.

"असावी," अध्यक्ष म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी चारही पानं नीट वाचली होती. "पण इथे चांदण्याच चांदण्या आहेत, डॉक्टर. आकडा काय?"

"आकडा देता येत नाही. नियमात बसत नाही."

"किती कुटुंबं सापडली, एवढं तरी?"

"तेही नाही."

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. "या कुटुंबांना प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी आहे का इथे?"

फर्डी डोरीनला कोपराने हलकेच ढोसून कुजबुजला, "आंटी, बोला ना. एकोणीस जणांबद्दल बोला."

डोरीन उठली. सगळे मागे वळून पाहू लागले. मोटेल, सोफा, चर्चचं तळघर, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण एकाचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच की हे कुठे, कोण, लहान मुलं आहेत का. आणि खोटं बोलायची सवय तिला नव्हती. कालचं एकच तिला पुरे झालं होतं.

"मी दारं ठोठावते," ती म्हणाली. "लोक वाईट अवस्थेत आहेत, साहेब. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी मत घेतलं. मदत थांबवण्याच्या बाजूने सहा हात वर गेले, विरोधात दोन.