मार्सेलोच्या आईचं पीठ

ब्राझील या देशाशी आमच्या घराण्याचं काहीही वैर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाचाही तसा समज होईल.

मार्सेलो सिंगापूरमधल्या वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ब्राझीलहून नवीनच आला होता. एरवी गडी हसरा. पण त्या आठवड्यात त्याचं तोंड पार उतरलेलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की रविवारी त्याच्या आईचा साठावा वाढदिवस. सगळं खानदान तिकडे जमणार, आणि याला सुट्टी नाही! आईनं कुणाच्या तरी हाती त्याला कसाव्याच्या पिठाचं एक पाकीट पाठवलं होतं. (कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद.) त्याचा म्हणे फरोफा करतात. आपल्याकडे पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढतो ना, तसा त्यांच्याकडे हा तोंडीलावण्याचा मान फरोफाचा. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईसमोर तो खायचा, एवढीच पोराची इच्छा. पण त्याच्या घरमालकीणबाईंचा नियम : 'लाइट कुकिंग ओन्ली'. नूडल्सपुरतं पाणी उकळा, त्यापुढे गॅसला हात लावायचा नाही. पाकीट बिचारं बॅगेत पडून होतं.

माझा जीव गलबलला. "अरे मग आमच्याकडे ये! मी करतो फरोफा!" मी म्हणालो. ("आमच्याकडे ये, माझी बायको मुग्धा करेल" असं म्हणालो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.)

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पाकीट माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी.

"कृती काय?"

"लोण्यात कांदा परतायचा. पीठ टाकायचं. भाजायचं."

"आणि मग?"

"मग खायचं."

"नाही, पण भाजल्यावर?"

"भाजल्यावर खायचं," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, किती संकोची मुलगा!

आता हा माझ्या रक्तातला दोष नाही, हा आमच्या अख्ख्या समाजाचा दोष आहे. पाहुणा "पोट भरलं" म्हणाला की आम्ही आणखी एक पोळी वाढतो. "चहा नको" म्हणाला की आधण ठेवतो. तेव्हा एखादा पाहुणा "पीठ भाजलं की झालं" म्हणाला, तर त्याचा खरा अर्थ "तुम्हाला उगाच त्रास नको" असाच होणार की!

रविवारी संध्याकाळी मी एप्रन बांधला. बुकित पंजांगमधल्या आमच्या मराठी मंडळींत माझ्या उपम्याचं नाव आहे, त्यामुळे पीठ भाजण्याच्या कामात मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. राजमा आणि भात मुग्धानं आधीच करून ठेवला होता. पुण्याहून आलेली माझी आई ओट्याशी देखरेखीला उभी होती. आणि खरं सांगतो, पीठ असं भाजलं गेलं, असं भाजलं गेलं, की घरभर खमंग वास! सोनेरी रंग, मोकळे दाणे.

"झालं की," मुग्धा म्हणाली. "आता गॅस बंद कर."

"असं कोरडं?" आई म्हणाली. "अगं, घशात अडकेल त्याच्या!"

"आई, त्यानं असंच सांगितलंय."

"तो सांगेल गं! पण आपल्याला काही आहे की नाही? घरी आलेल्या माणसाच्या पानात कोरडं पीठ वाढायचं?"

मी मातृभक्त. शिवाय माझ्यातला उपमावाला कधीचा वळवळत होताच. मी एक छोटी फोडणी केली : मोहरी, कढीपत्ता, चिमूटभर साखर. मुग्धा "अरे, अरे" म्हणेपर्यंत ती पिठात घातली आणि वरून ओतलं आधणाचं पाणी!

रवा पाणी पितो आणि फुलतो. कसाव्याचं पीठ पाणी पितं आणि सूड घेतं. बघता बघता कढईत एक करडा, चकचकीत गोळा तयार झाला. मी कालथा घातला, तो आत गेला. ओढला, तर कालथ्याबरोबर अख्खी कढई वर आली.

"पाणी जास्त झालं," मी म्हणालो. "पीठ घालू."

"अरे, पुरे कर!" मुग्धा ओरडली.

पण मी पाकिटात उरलंसुरलं होतं ते सगळं ओतलं. गोळा दुप्पट झाला. मग आईनं ताक सुचवलं. ताकानं तो बाहेरून बुळबुळीत झाला, आतून मात्र आपल्या मतावर ठाम! शेवटी "त्याची थालीपिठं थाप" असा आईचा हुकूम झाला. पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं, दुसरं उलथन्याला आणि तिसरं माझ्या हाताला. तवा धूर सोडू लागला. धूर बघून आमची सई अभ्यास टाकून आली, तिनं त्या गोळ्यात बोट घातलं आणि आनंदानं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, "बाबा, सो स्टिकी! कॅन यूज फॉर माय स्कूल प्रोजेक्ट, लाह!"

तेवढ्यात बेल वाजली.

मार्सेलो दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात आईसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, फुलं. आत आला, त्यानं एकदा खोल श्वास घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकला.

"हे काय आहे?"

"फरोफा," मी म्हणालो.

त्यानं कढईत पाहिलं. कढीपत्त्याचं एक पान त्या गोळ्यातून वर डोकावत होतं.

"बाकीचं पीठ?"

"यातच आहे. सगळं."

"असू दे" म्हणून हसायचा त्यानं प्रयत्न केला, पण हसू ओठांवर पोचलंच नाही. तेवीस-चोवीस वर्षांचं पोर, आईपासून इतक्या लांब! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं तर पदराला डोळे पुसले.

आणि नेमका त्याचा फोन वाजू लागला. तिकडे सकाळ झाली होती. स्क्रीनवर केसांत फूल माळलेली एक गोल चेहऱ्याची बाई आणि तिच्यामागे वीसेक माणसं, सगळी एकदम बोलताहेत! मार्सेलोनं शुभेच्छा दिल्या आणि मग हळूच फोन कढईकडे वळवला. पलीकडची वीसेक माणसं एकदम गप्प झाली. त्याच्या आईनं एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय," मार्सेलो म्हणाला, "पाणी कुणी घातलं?"

माझ्या घरात कधी नव्हे ती एकजूट दिसली. आई, बायको आणि मुलगी, तिघींची बोटं माझ्याकडे! (आईचं बोट सर्वांत आधी. मातृभक्तीचं हे फळ.)

मग मुग्धा शांतपणे पुढे झाली. तिनं वरच्या फळीवरून चहाचा डबा काढला, आणि त्याच्यामागून झाकण ठेवलेली एक मोठी वाटी. वाटीत पीठ होतं! मार्सेलोच्या आईचं पीठ!

"हे कधी काढलंस?" मी विचारलं.

"तू एप्रन बांधलास तेव्हा."

मार्सेलोची आई स्क्रीनवरून सांगत होती, मार्सेलो त्याचं इंग्रजी करत होता आणि मुग्धा भाजत होती. माझी आईही मन लावून बघत होती. मी ओट्याकडे जरा सरकलो, तर स्क्रीनमधून त्या बाईनं एक बोट उगारलं. त्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. मी मुकाट्यानं सोफ्यावर जाऊन बसलो.

पानं वाढली. मार्सेलोनं राजमा-भातावर फरोफा भुरभुरला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि पहिला घास घेतला. चावता चावता त्याचे डोळे मिटले. पलीकडे त्याची आई रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. माझ्या आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि "सावकाश जेव हो बाळा" असं चक्क मराठीत सांगितलं. तो "ओके, आई" म्हणाला. कोरडा फरोफा घशात अजिबात अडकत नाही, हे माझ्या आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर स्वतःच मान्य केलं.

त्यानंतर मार्सेलो आमच्याकडे घरच्यासारखाच येऊ लागला. तिकडून नवं पाकीट आलं की थेट बुकित पंजांग गाठतो. बेल वाजते, मी दार उघडतो. तो मला मिठी मारतो, "कसा आहेस" विचारतो, पण पाकीट पाठीमागे घट्ट धरून ठेवतो आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतो, "मुग्धा घरात आहे ना? नाहीतर मी खाली थांबतो."