टॅग कुठंय?

आमचे साडू स्वर्गात गेले तर दारातच अमृताचा लॉट नंबर विचारतील, आणि तो कळेपर्यंत बाहेर उभे राहतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली. पिशवीला तपासणी झाल्याचा टॅग नसेल तर आत सोनं असलं तरी पेरायचं नाही, हा त्यांचा धर्म. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला बासुंदीचं दूध कुठल्या डेअरीचं, कधी आलं, असं इतकं खोदून विचारलं की तो बिचारा झारा टाकून निघाला होता!

त्यांची मुलगी कुस्ती खेळायची. तिच्या खुराकाचे हरभरे आधी ओल्या कागदात गुंडाळले जात. शंभरातले नव्वद उगवले तरच त्या पोत्यातले तिच्या ताटात येत. "ज्याच्यात जीव न्हाई, ते पोरीच्या पोटात कशाला?" असं म्हणून नापास पोतं ते दुकानदाराच्या दारात नेऊन टाकत. दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू, सगळ्याची वहीत नोंद.

राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली आणि तालमीतल्या कुणीतरी पोरीला ताकदीच्या पावडरीचा डबा दिला. वर ना नाव, ना तारीख.

"बाबा, समदे खाऊन राह्यलेत. मीच मागं पडून राह्यले."

"टॅग कुठंय? उद्या तपासणीत कायतरी निघालं, तर नाव तुझं जाईल बेटा. डबेवाल्याचं न्हाई."

डबा कपाटात गेला. वर साडूंनी चिठ्ठी लावली: 'तपासणी बाकी.'

निवडीत पोरगी एका गुणानं हरली. घरी येऊन म्हणाली, "मला तुमच्या टॅगनं पाडलं." पुढं दोन महिने ती बापाशी बोलली नाही. माझ्याकडं येऊन हा माणूस चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहायचा. "साडू, मी पास का फेल, मलाच कळंना," म्हणायचा. मला तरी कुठं कळत होतं!

आता तीच भाची कुंभार पिंपळगावात मुलींना कुस्ती शिकवते. परवा आम्ही दोघं तिथं गेल्तो. एका पोरीनं कौतुकानं पिशवीतून डबा काढून दाखवला. भाचीनं तो हातात घेतला, उलटा केला, बुड बघितलं.

"टॅग कुठंय गं?"

परतीच्या वाटेवर साडू चष्मा पुसत म्हणाले, "साडू, निकाल लागला म्हणायचा."