जावयाची दुर्बीण

माझा जावई मला आवडत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तो मला 'काका' म्हणतो, आणि फ्रिज घ्यायचा असो की चपला, आधी एक्सेल शीट उघडतो. मुलीला हे सांगून झालं आहे. ती म्हणते, बाबा, तुम्हाला कुणीच आवडत नाही. तेही खरंच आहे.

त्या वर्षी ॲरिझोनाच्या सोडतीत मला एल्कच्या शिकारीचा परवाना लागला. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. नराच्या परवान्यासाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज भरतात. माझा नंबर चौदा वर्षांनी लागला होता. मी त्र्याहत्तरचा, तेव्हा हा शेवटचा हे उघड होतं. लपवलं होतं ते एवढंच, की माझा उजवा हात थरथरू लागला होता. ज्या हाताने तीस वर्षं ऑपरेशनं केली, तो आता चहाचा कप धरताना डाव्याची मदत घेई. मुलीला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी बंदुकीच्या कपाटाची किल्ली काढून घेतली असती.

नेमकी तेव्हाच माझी जुनी दुर्बीण खडकावर आपटली आणि तिच्यातून एकाचे दोन दिसू लागले. चँडलरमधल्या शिकारीच्या दुकानात मी एकटाच जाणार होतो. मुलीने जावयाला बरोबर धाडलं.

त्याने शीट तयारच आणलं होतं. सगळ्यात वर एक झूमवाली दुर्बीण, आठपटीपासून चोवीसपटीपर्यंत.

"काका, लॉजिकली बघा ना. आठवर शोधायचं, चोवीसवर शिंगं मोजायची. फिक्स्ड पॉवर कोण घेतं आता?"

मी त्याला समजावलं. पट वाढवली की उजेड कमी होतो, आणि एल्क बाहेर पडतो तो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. समोरचं दृश्य आक्रसतं, मग जनावर सापडता सापडत नाही. आत हलणारे भाग जास्त, त्यामुळे दोन्ही नळ्यांचा मेळ लवकर बिघडतो. दहापटीची साधी दुर्बीण घ्यावी आणि गप्प बसावं. काउंटरवरचा विक्रेताही मान डोलावत होता. माझा शब्द न् शब्द खरा होता. फक्त चोवीसपटीत हाताची थरथरही चोवीसपट दिसते, हे मी बोललो नाही. आम्ही काही न घेता परतलो.

जावयाने ती झूमवालीच मागवली आणि पाडव्याला मला भेट दिली. दिवाळीला सासऱ्याने जावयाला द्यायचं असतं. इथे उलटी गंगा. मुलीने मला ओवाळलं, ताटाशेजारी दुर्बीण ठेवून फोटो काढले, ते पुण्याला पाठवले. जावयाची भेट परत करणारा सासरा आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. मी घेतली.

शिकारीला तोही आला, अर्थात मुलीच्या हुकुमावरून. नवेकोरे बूट आणि गाडीत अखंड बडबड. उजाडताना आम्ही पाइनच्या उतारावर बसलो. समोरच्या कुरणाच्या कडेला नर उभा होता. आठपटीत मला तो दिसला.

झूम करा ना, काका, तो कुजबुजला. मी कळ सरकवली. एल्क नाचू लागला. झाडं, आभाळ, शिंगं, सगळ्याचा काला झाला. गुडघ्यावर कोपर टेकवलं, श्वास रोखला, काही उपयोग नाही. मी म्हटलं, तुमची दुर्बीण भिकार आहे.

त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांना लावली. बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या हातात ती जराही हलत नव्हती. मग ती खाली ठेवून त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"काका, याच हाताने गोळी झाडणार?"

त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. पोटात गोळी बसलेलं जनावर कसं मरतं, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी बंदुकीतल्या गोळ्या एकेक करून काढल्या. एक निसटून गवतात पडली, ती त्याने शोधून दिली. तोवर एल्क सावकाश झाडीत निघून गेला होता.

घरी मुलीने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "माझीच चूक. दुर्बीण टुकार निघाली. काका बरोबर सांगत होते."

ती त्याला खूप बोलली. बाबांची चौदा वर्षं वाया घालवलीस म्हणाली, त्या शीटचाही उद्धार केला. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मी त्याला ऐकू दिलं.

त्या दिवशी पानं त्याने वाढली. माझ्यासमोर आमटीची वाटी ठेवली ती अर्धीच भरलेली. तेव्हापासून त्यांच्या घरी माझी वाटी अर्धीच भरतात. मुलीला वाटतं, बाबांची भूक कमी झाली. मला त्याचा अजून राग येतो, आणि दरवेळी मी ती वाटी एकही थेंब न सांडता संपवतो.