कमरेचा वळ

गिरजाक्का गेली त्या सकाळी मी दवाखान्यात एका बाईचं कार्ड लिहीत होतो. लुगडं नेसायला लागून किती वर्षं झाली, हे मी तिला विचारलं होतं आणि ती बोटांवर मोजत होती, तेवढ्यात अक्काचे यजमान, भाऊजी, खिडकीशी येऊन उभे राहिले. पायांत चपला नव्हत्या. "चाला, भाऊ," एवढंच म्हणाले. मी टाक खाली ठेवला आणि निघालो. त्या बाईचं उत्तर ऐकायचं राहूनच गेलं... आज पाच आठवडे झाले. ते कार्ड अजून तसंच अर्धं पडलेलं आहे.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आई मला दीड वर्षाचा ठेवून गेली, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी मला कडेवर घेऊन ती भाताच्या रोवणीला जायची, बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, मला बसवायची आणि स्वतः चिखलात वाकायची. लग्न झालं तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली. "हा माह्यासंगं येते," असं तिनं सासरच्यांना सांगितलं होतं म्हणे, विचारलं नव्हतं. मी मॅट्रिक झालो तो तिच्या सासरच्या पडवीत बसून. पास झाल्याचं कळलं तेव्हा तिनं मला जवळ घेतलं नाही की काही नाही, "आता चष्मा लावशीन काय?" एवढंच विचारलं आणि हसली.

भिलाईला कारखाना उभा राहू लागला तेव्हा भाऊजी पहिल्या खेपेलाच खोदकामावर आले. मागोमाग लेकीला, कमलला, घेऊन अक्का आली आणि मजुरांच्या कॅम्प एकमध्ये त्यांनी एक खोली धरली. ती बांधकामावर रेजा म्हणून मजुरीला लागली. दिवसभर डोक्यावर घमेलं: मुरूम, गिट्टी, कालवलेलं सिमेंट. फळीवरून चढताना पाय सटकला तर खाली सळया, त्यामुळे सगळ्या बाया लुगड्याची गाठ करकचून आवळायच्या. मी आलो तेव्हा अक्कानं मला पहिल्याच रविवारी भट्टीचा पाया दाखवायला नेलं. "पाह्य, याच्या बुडात माही गिट्टी हाय," म्हणाली. एवढा मोठा रशियन साहेब तिथं उभा होता, पण ती जागा जणू तिचीच होती.

मला कॅम्पातल्या एका लहान दवाखान्यात कार्डं लिहायचं काम मिळालं. तिथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या नागपूरच्या. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. बायांना तपासताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट गाठ बसून कमरेवर वळ पडतो. तिथली कातडी आधी काळी, मग पांढुरकी आणि जाड होते, भेगाळते. बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबतं. एखादीच्या त्या वळात मात्र जखम होते, ती भरत नाही, आणि तिचा कातडीचा कॅन्सर होतो. घट्ट धोतर नेसणाऱ्या पुरुषांतही असं पाहिलेले डॉक्टर आहेत, असं त्या म्हणाल्या. त्यांना पाहायचं होतं की गाठ सैल केली, रोज जागा बदलली, खाली चार बोटं रुंद सुती पट्टी घेतली आणि तेल लावलं, तर भेगा भरतात का.

"खरं म्हणजे निम्म्या बायांना काही न सांगता नुसतं पाहत राहायला हवं," त्या एकदा मला म्हणाल्या. "म्हणजे फरक कळेल. पण ते मला जमायचं नाही. मी सगळ्यांनाच सांगणार."

त्या सांगायच्या आणि बाया ऐकून घ्यायच्या. साकोलीकडची एक म्हणाली, "बाई, गाठ सैल केली अन् लुगडं सुटलं, तं घमेलं धरू का लुगडं धरू?" सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावं तर निम्म्या बाया सापडायच्या नाहीत. काम संपलं की ठेकेदाराबरोबर टोळी दुसरीकडे जायची आणि झोपड्यांच्या जागी नुसत्या चुली उरायच्या. मी कार्ड हातात घेऊन त्या चुलींमधून हिंडायचो आणि परत यायचो.

पडद्याआड डॉक्टरीणबाई तपासायच्या आणि पडद्याबाहेर बसून मी प्रश्न विचारायचो. खाज सुटते का? जखम आहे का? किती दिवसांची? सुरुवातीला माझे कान तापायचे, मग सवय झाली. दोन वर्षांत मी किती बायांना हे विचारलं असेल. संध्याकाळी अक्काकडे जेवायला जायचो, तिच्या हातचं आंबील प्यायचो, दिवसभराच्या गोष्टी सांगायचो. तिला मात्र हे कधी विचारलं नाही. थोरल्या बहिणीला कमरेचं काय विचारायचं? ते तोंडातून निघालंच नसतं. निघालं नसतं असं आज म्हणतो; खरं तर विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कमल दवाखान्यात आली. सतरा वर्षांची पोर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामाजी, आईच्या लुगड्याले रोज डाग लागते. धुतला तरी जात नाही. वास बी येते." मला वाटलं बायकांचं काही असेल, म्हणून मी घाईघाईनं तिला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी अक्का आली. पडद्याआड गेली. मी नेहमीसारखं कोरं कार्ड समोर ओढलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मी लिहिते."

उजव्या कुशीवर तळहाताएवढी जखम होती. वर्षाच्या वर झालं होतं. ती हळद आणि तेल भरून वर फडकं बांधायची, आणि त्यावर पुन्हा गाठ आवळून कामावर जायची. कापून काढलेला तुकडा तपासणीला गेला आणि जे यायचं होतं तेच उत्तर आलं. जांघेतही गाठी लागल्या होत्या. आम्ही नागपूरला नेलं. पॅसेंजरच्या बाकावर ती डाव्या कुशीवर पडून होती आणि कमल तिला पदरानं वारा घालत होती. तिथल्या डॉक्टरांनी जखम काढली, मांडीची कातडी तिथं बसवली, मग विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, दिला. कातडी काही दिवस धरली, मग कडेनं सुटली. गाठी वाढतच राहिल्या. पुढं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

परत आणल्यावर एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसलो होतो. राहवलं नाही.

"अक्का, मले कावून नाही सांगतलं?"

"तुले कसं सांगू? लहान भाऊ हायेस." मग म्हणाली, "मले मालूम होतं ना, तू साऱ्या बायायले पुसून राहिला. मले वाटलं, माहा नंबर आला का मले बी पुसशीन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला तसं खरंच वाटलं होतं... मी तिचे पाय चेपत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत रोज पट्टी बदलायला घरी येत. एकदा दाराशी मी त्यांना विचारलं, "वर्षभर आधी आली असती तर?" त्या म्हणाल्या, "तर कदाचित वाचली असती. कदाचित. खोटं कशाला सांगू?" आणि चपला घालता घालता पुढं म्हणाल्या, "हे टाळता येतं असं मला वाटतं. पण ते दाखवून द्यायला माझं आयुष्य पुरणार नाही." मला त्यांचा आणि अक्काचा, दोघींचाही राग आला, आणि कशासाठी ते कळेना. कमललाही त्यांनी तपासलं. तिच्या अंगावर काही नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. मी अजून संध्याकाळी तिकडे जातो. कमल पाट मांडते, भाऊजी आणि मी जेवतो. परवा जेवताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. चुन्याच्या भिंतीवर, चुलीशेजारी, खांद्याएवढ्या उंचीवर एक तेलकट काळसर डाग आहे. नागपूरला नेण्याआधी सबंध वर्ष अक्का आम्हाला वाढून झालं की तिथं टेकून उभी राहायची. "बस ना," म्हटलं की म्हणायची, "मी उभीच बरी हाय, तू जेव." भावाला वाढताना बहीण उभी राहते, त्यात मला काही वेगळं दिसलं नव्हतं. तिला बसता येत नव्हतं.

भाऊजींनी चुना आणून ठेवला आहे. दिवाळीआधी घर पांढरं करायचं म्हणाले. मी हो म्हणालो.