शेवटची दोन अक्षरं

ओस्मारीनो म्हाताऱ्याचा स्वभावच असा, की सख्ख्या बहिणीने आणलेला आसाई फळांच्या रसाचा वाडगासुद्धा आधी हुंगून बघणार. ब्राझीलमधल्या ब्रेव्हिसच्या नदीघाटावर पन्नास वर्षं होड्यांवर नावं रंगवली, पण कुणावर विश्वास टाकला असेल तर शपथ!

अशा माणसाच्या दारात साओ पाउलोची एलोईझाबाई येऊन उभी राहिली.

"काका, आपल्या ब्राझीलच्या चित्रांचं नि अक्षरांचं लिस्बनला प्रदर्शन आहे. तुमची एक पाटी हवी."

"होडी कुठाय?"

"होडी नाही. नुसती पाटी, भिंतीवर लावायला."

झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भिंतीवर पाटी लागते ती बुडालेल्या होडीची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात ही बाई ब्रशचे, डब्यांचे, रेघ मारायच्या खडूच्या दोरीचेसुद्धा फोटो काढत सुटलेली.

"चोरायला आलीय," तो नाझिल्दाला, बायकोला, आत जाऊन म्हणाला. "संगणकात घालतील, नि माझ्या बापाचं अक्षर उद्या कुणाच्याही पिशवीवर!"

"अहो, चोर असा दार वाजवून येतो का?"

"हल्लीचे तसेच येतात. तुला काय कळतंय!"

बापाचं अक्षर हीच त्याची इस्टेट. बापाची रीत अशी, की नाव मधल्या अक्षरापासून धरायचं, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही टोकांना जागा सारखी सुटते. ही रीत परक्या बाईला दाखवायची? छे! बाई मोबाइलवर फिल्म घेत होती आणि म्हाताऱ्याने मुद्दाम नवशिक्यासारखं पहिल्या अक्षरापासून सुरू केलं. 'आनाजासची राणी' असं नाव ऐसपैस निघालं खरं, पण टोकाला येईस्तोवर जागा संपली. शेवटची दोन अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली.

"अय्या, काय सुंदर!" म्हणत बाई पाटी घेऊन गेली. घे, कर आता चोरी, असं म्हणत तो आठवडाभर खुशीत होता.

चार महिन्यांनी जुरांदीर आला. त्याच्या तिन्ही होड्यांवरची नावं ओस्मारीनोच्याच हातची, आणि आता चौथी बांधून तयार होती. त्याने मोबाइल पुढे केला. त्या बाईची फिल्म, नि लिस्बनच्या प्रदर्शनाचं पोस्टर! त्यावर तीच दोन चिमटलेली अक्षरं, पुरुषभर उंच, आणि खाली ओस्मारीनोचं नाव.

"काका, मला अस्संच हवं."

म्हाताऱ्याने मोबाइल बाजूला सारला. "अरे, बिघडलंय ते. मीच बिघडवलं, मुद्दाम!"

"परदेशी जाणारी पाटी मुद्दाम बिघडवली?" जुरांदीर हसला. मग हसायचा थांबला. "कळलं, काका. चांगलं ते तिकडच्यांना. आम्हा घाटावरच्यांना उरलंसुरलं. वीस वर्षं हेच केलंत ना माझ्या होड्यांवर?"

"नाही रे, आईशप्पथ! तुझ्याच होड्यांवर खरं अक्षर आहे, माझ्या बापाचं!"

"सांगा काहीही."

म्हाताऱ्याला रडूच आलं. ज्याला आयुष्यभर खरं दिलं, तोच त्याला लबाड म्हणत होता. नाक पुसून त्याने जुरांदीरच्या नव्या होडीवर दोरी ताणली, मधोमध ब्रश टेकवला.

जुरांदीर रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्याच्या अगदी शेजारी बसला.

"मधनं काय सुरू करताय? फिल्ममध्ये पहिल्यापासून केलंत, मी दहादा बघितलीय. आता मला नका फसवू, काका."

ओस्मारीनोने ब्रश उचलला आणि पहिल्या अक्षरापाशी गेला.