माणूस हलतो तेवढी जागा

जिममधली सगळी मंडळी त्यांना वहिनी म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला उस्ताद. वहिनींनी आयुष्यात कधी डंबेल उचललं नव्हतं. त्यांचं राज्य शिलाई मशीनवर. आसपासच्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांच्याच हातचे. तीच पोरं मोठी होऊन उस्तादांकडे जायला लागली, की दंड फुगले म्हणून बाह्या सैल करून घ्यायला पुन्हा वहिनींच्या दारात हजर. "तुम्ही तिकडे फुगवा, मी इकडे उसवते," असं त्या नवऱ्याला म्हणायच्या, आणि उस्ताद आजूबाजूच्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असे हसायचे.

उस्तादांची जिम दुसऱ्या मजल्यावर होती. काय रुबाब होता त्या माणसाचा. जिन्यात उस्तादांचं पाऊल वाजलं, की पडदा वर जाताना प्रेक्षागृह गप्प होतं तशी आतली कुजबुज थांबायची. टंगळमंगळ करणारे पटापट लोखंडाला हात घालायचे.

मग एका वळणावर त्यांची स्कूटर घसरली. जीव वाचला, पण कंबरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. उस्ताद चाकांच्या खुर्चीत बसून घरी आले, खिडकीशी थांबले आणि तिथेच राहिले. जेवता का? हं. दिवा लावू? हं.

वहिनी रडल्या नाहीत. शेजारणींनी वाट पाहिली, धीराचे शब्द तयार ठेवले, शेवटी त्याही कंटाळल्या. एकदा शिवताना सुई बोटात गेली, तर पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसल्यावरच वहिनींना कळलं. त्यांनी कापड बदललं आणि शिवण पुढे चालू केली.

सहा फुटांहून उंच आणि दाराएवढा रुंद असल्यामुळे ज्याचं नाव मुंगी पडलं होतं, तो उस्तादांचा पट्टशिष्य एक दिवस घरी आला. म्हणाला, "उस्ताद, आम्ही चौघं खुर्चीसकट उचलून वर नेतो. राजासारखे चला."

"उचलतात ती पोती," उस्ताद म्हणाले. विषय संपला.

तेव्हा वहिनींनी ठरवलं, उस्ताद वर जात नाहीत तर जिमच खाली आणायची. रस्त्यालगत एक फर्निचरचं दुकान बंद पडलं होतं. दाराला पायरी नव्हती, एवढं एकच पाहून त्यांनी ते भाड्याने घेतलं. जागा वरच्यापेक्षा बरीच लहान. उस्ताद तिथे आले तर जिम, नाही आले तर लोखंड भंगारात घालून मोकळं व्हायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. यात दुःख होतं की नव्हतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

आता जिमची मांडणी कशी करतात ते वहिनींना काय ठाऊक. त्यांना कापड बेतता येत होतं. म्हणून त्या आपली टेप घेऊन वर गेल्या, एकेक यंत्र मोजलं आणि वर्तमानपत्रं चिकटवून प्रत्येकाचा खऱ्याखुऱ्या मापाचा कागद कापला. वर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं: बाक, पुली, ट्रेडमिल, पिंजरा. पिंजरा म्हणजे खांद्यावर भार घेऊन बैठका मारायची ती चार खांबांची लोखंडी चौकट. मग खाली येऊन त्यांनी आधी दारापासून मागच्या भिंतीवरच्या जुन्या आरशापर्यंत खुर्चीपुरती सरळ वाट सोडली आणि उरलेल्या जागेत कागद असे बसवले, की चिंधीसुद्धा वाया जाऊ नये.

मुंगीने पाहिलं आणि मान डोलावली. "झकास, वहिनी."

घरी येऊन वहिनी म्हणाल्या, "अहो, एकदा नजर टाका. मला यातलं काही कळत नाही."

"मुंगीला विचार."

"विचारलं. तो म्हणतो, झकास आहे."

उस्तादांनी खिडकीवरून नजर काढली. "मुंगी झकास म्हणाला ना? मग नक्की चुकलंय," ते म्हणाले. "चल."

दुकानात मुंगी थांबलाच होता. वहिनींनी खुर्ची सरळ वाटेने आरशापर्यंत नेली आणि दाराकडे तोंड करून उभी केली. उस्तादांनी जमिनीवरून नजर फिरवली.

"यंत्रं अशी खेटून असतात?"

"मोजून कापलीत. बोटभराची चूक नाही."

"यंत्र मोजलंस. माणूस कुठे मोजलास? मुंगी, त्या बाकावर नीज."

मुंगी वर्तमानपत्रावर उताणा झाला आणि नसलेला दांडा छातीवर घेऊन दोन्ही हातांनी वर ढकलू लागला. त्याची एक मूठ पुलीत गेली, दुसरी ट्रेडमिलवर.

"आता ऊठ. दांड्याला चकती चढव."

मुंगी वाकला, आणि त्याचं मागचं सगळं वैभव पिंजऱ्यात शिरलं.

"तिथे कोणी बैठका मारत असता, तर त्याला आज मोक्ष मिळाला असता," उस्ताद म्हणाले. "यंत्र उभं असतं तेवढी जागा नाही धरायची. माणूस हलतो तेवढी धरायची."

वहिनी कात्री घेऊन खाली बसल्या. "शर्टातसुद्धा अंगापेक्षा सैल ठेवते मी. इथेच कशी विसरले," त्या म्हणाल्या आणि कागदांना कागद जोडू लागल्या.

मग त्या रिकाम्या दुकानात तालीम उभी राहिली. उस्ताद खुर्चीतून बोट दाखवत, वहिनी कागद सरकवत आणि मुंगी सगळ्या भूमिका एकटा वठवत होता. ट्रेडमिलच्या मागे भिंत नको, पाय चुकला तर माणूस तिच्यावर आपटेल. डंबेलं आरशापाशी, पण आरशाला चिकटून नकोत. जड सामान आत, हलकं दाराजवळ.

"का माहितीय?" उस्ताद म्हणाले. "नवा माणूस पहिल्याच दिवशी दारात मुंगीचं रेकणं ऐकेल, तर फी परत मागेल."

"मी रेकत नाही, उस्ताद. श्वास सोडतो."

"गाढवही तेच म्हणत असेल."

इतक्या दिवसांनी नवरा इतकं बोलत होता. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं वहिनींच्या मनात आलं. त्या थांबल्या, वाट पाहिली. मग डिंक संपत आलाय हे दिसलं, आणि त्यांनी बाटली उलटी धरली.

शेवटी उस्ताद म्हणाले, "झालं. आता जिम बसली." खरोखर बसली होती, आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी निघायला चाकांवर हात ठेवले, आणि हात तिथेच राहिले.

वाट उरली नव्हती. इथे वीतभर, तिथे हातभर करत वाढवलेल्या कागदांनी ती गिळून टाकली होती. स्वतःच्या हाताने जिम लावून उस्ताद आरशाशी अडकले होते.

मुंगी पुढे झाला. "मी उच..." एवढं बोलून त्याने उरलेला शब्द गिळला.

"असू दे," उस्ताद म्हणाले. परक्या घरची बातमी वाचावी तसा आवाज. "जिम अशीच बरोबर आहे. आता कागद गोळा करा, मी जातो. मला कुठे रोज यायचंय."

वहिनी कागद गोळा करायला वाकल्या. पहिला हाती आला तो पिंजरा. तो धरून त्या तशाच बसल्या.

"कापड कमी पडलं," त्या म्हणाल्या, "तर मी गिऱ्हाइकाचा हात नाही कापत. एखादा खिसा काढते. हा काढू?"

"पिंजरा म्हणजे खिसा?"

"मला काय कळतंय खिसा कुठला आणि बाही कुठली. तुम्ही सांगा. नाहीतर हातात येईल ते फाडते."

त्यांनी कागद मधोमध धरून ताणला. किंचित फाटलाही.

"थांब. त्याला हात लावू नकोस." उस्तादांनी पुन्हा सगळ्या जमिनीवर नजर टाकली, यावेळी सावकाश. मुंगी छताकडे बघत होता. "चार ट्रेडमिल आहेत. दोन काढ. पळायला बाहेर रस्ता आहे. आणि पिंजरा फिरव, भिंतीकडे तोंड कर."

वहिनींनी दोन कागद उचलले, पिंजरा फिरवला. वाट निघाली, पण सरळ नाही. मध्ये एक वळण आलं.

"जमेल?"

"कळेल आता."

वळणावर चाक कागदाच्या कोपऱ्यावर चढलं. "अजून चार बोटं," उस्ताद म्हणाले. वहिनींनी पिंजरा सरकवला. ते मागे गेले, पुन्हा आले, आणि कशाला न लागता दारापर्यंत पोचले.

"मुंगी, उद्या खडू आण. आखून घेऊ."

"मी आखून ठेवू का, उस्ताद? तुम्हाला कशाला त्रास."

"तू आखलंस तर सगळ्या जिममध्ये तू एकटाच मावशील. मी येतो."

वहिनींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दारातून वारा आत येत होता. टोकाच्या कागदावर त्यांनी कात्री ठेवली, दुसऱ्यावर डिंकाची बाटली, आणि तिसऱ्यासाठी मुंगीला बूट काढायला सांगितले.