उन्हानं वाढलेलं पाणी

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मे महिन्यात जळगाव तापलं, की मला घरच्यांना थंडगार जागी नेण्याची हुक्की यायची. त्या वर्षी बायको आणि धुळ्याची थोरली बहीण, आमची अक्का, यांना घेऊन थेट मनाली गाठली.

तिथं डोंगरात तीन टप्प्यांचा एक धबधबा होता. वरच्या टप्प्याशी साठलेला बर्फ वितळून त्याचं पाणी खाली यायचं. अक्काला तो बर्फ हातात घ्यायचा होता. एवढ्यासाठीच ती आली होती.

"अक्का, तुझ्या गुडघ्यांना मधला टप्पा पुरे," मी निकाल दिला.

"मन्हा गुडघा मन्हाजोडे शेतस. तू तुन्हं डोकं दख!" तिचे गुडघे ती बघेल, मी माझं डोकं बघावं, असं अक्कानं अहिराणीत सुनावलं.

पण सहलीचा पुढारी मी. सकाळी दगडांवर पाय ठेवत धबधब्याचा ओढा ओलांडला आणि मधल्या टप्प्याशी दशम्या सोडून बसलो. बायको म्हणाली, "लवकर उतरू या."

"थांब गं. ऊन चढू दे, पाणी आपोआप कमी होईल."

खानदेशात दुपारच्या उन्हानं पाणी वाढलेलं कोणी पाहिलंय?

दोन वाजता उतरलो, तर ओढ्यात एकही दगड दिसेना. नुसता पांढरा फेस. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या थंडीतही मला घाम फुटला.

गवताचा भारा नेणारी तिथली एक बाई हसू लागली. "धूप में बरफ पिघलती है, बाबूजी. पानी शाम तक नहीं उतरेगा. पुल ऊपर है, बरफ के पास."

"कठे शे म्हने पूल?" अक्कानं मला विचारलं. तिला चांगलं ऐकू आलं होतं.

"वर," मी पुटपुटलो.

"मंग चाल ना, भाऊ!"

दीड तास लागला. अक्का दर वीस पावलांना थांबायची. मी दर दहा पावलांना थांबायचो आणि कारण तिच्या गुडघ्यांचं सांगायचो.

वरचा बर्फ धुळीनं मळलेला. अक्कानं चपलेनं थर खरवडला, आतला पांढरा मूठभर घेतला आणि गालाला लावला.

"कितलं गार शे व!" ती माझ्या बायकोला म्हणाली. बोटं लाल झाली, तरी मूठ सोडेना.

"गुडघे दुखताहेत ना?" मी विचारलं.

"दुखू दे." तिनं समोरच्या खिंडीकडे मान वळवली. "तठे काय शे, भाऊ?"